एआय लॅपटॉपसाठी जास्त पैसे मोजावेत का? एका प्रश्नाचे सविस्तर उत्तर

ताई, आपल्या प्रश्नातला तपशील आधी एकत्र मांडतो, म्हणजे इतर वाचकांनाही संदर्भ कळेल. आपल्या घरी इंदूरला २०१९ साली घेतलेला लॅपटॉप आहे. त्यात इंटेलचा आठव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, ८ जीबी मेमरी आणि जुन्या पद्धतीची फिरती हार्ड डिस्क आहे, आणि तो सुरू व्हायलाच कित्येक मिनिटे घेतो. यजमान त्यावर टॅलीचे काम करतात, आपण मंडळाची स्मरणिका आणि पत्रव्यवहार मराठीत टंकित करता, आणि चिरंजीव यंदा कॉम्प्युटर सायन्सला प्रवेश घेत आहेत. दुकानात आपल्याला ‘एआय पीसी’ दाखवण्यात आला. तो साध्या लॅपटॉपपेक्षा बराच महाग होता, आणि एनपीयू, म्हणजे एआयच्या गणितांसाठीचा खास भाग, नसलेले यंत्र दोन वर्षांत निरुपयोगी होईल असे विक्रेत्याने सांगितले. हे खरे की नुसता गाजावाजा, असे आपण विचारले आहे.

या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न गुंतले आहेत. कृत्रिम बुद्धिमत्तेत खरोखर काही दम आहे का, हा पहिला. तो असलाच तर त्यासाठी आपल्या टेबलावरच्या यंत्रात नेमका कोणता भाग असायला हवा, हा दुसरा. विक्रेता चॅटजीपीटीकडून झटपट एक पत्र लिहून घेतो आणि पहिल्या प्रश्नाचे होकारार्थी उत्तर डोळ्यांसमोर दाखवतो. त्या प्रभावाखाली आपण दुसरा प्रश्न न विचारताच पैसे मोजून मोकळे होतो. माझे मत असे, की एआय खरे आहे, पण आपण त्याचा जो उपयोग करणार आहात त्याचा त्या महाग चिपशी फार थोडा संबंध आहे. जास्तीचे पैसे द्यायचेच असतील तर ते मेमरीसाठी द्यावेत. मी मॉडेल घडवणारा संशोधक नव्हे. इंदुरात नव्वदच्या दशकापासून संगणक जोडणे, दुरुस्त करणे आणि सियागंजातल्या पेढ्यांपासून सीएंच्या कार्यालयांपर्यंत लहान लहान यंत्रणा सांभाळणे हे माझे काम. त्यामुळे हे उत्तर घर आणि पेढी यांच्यापुरतेच आहे. व्हिडिओ संपादन किंवा संशोधन करणाऱ्याला मी वेगळे सांगेन.

एनपीयू म्हणजे न्यूरल प्रोसेसिंग युनिट. प्रोसेसरच्या आतच बसवलेला हा एक भाग आहे आणि त्याला एकच काम उत्तम येते, ते म्हणजे लहान अंकांचे गुणाकार आणि बेरजा प्रचंड संख्येने, पण कमी विजेत करणे. आजची बहुतेक एआय मॉडेल आतून अशाच गुणाकारांची बनलेली असतात. या भागाची क्षमता ‘टॉप्स’मध्ये सांगतात, एक टॉप्स म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी क्रिया. मायक्रोसॉफ्टने मे २०२४ मध्ये ‘कोपायलट प्लस पीसी’ असा वर्ग जाहीर केला आणि त्यासाठी किमान ४० टॉप्सचा एनपीयू, १६ जीबी मेमरी आणि २५६ जीबी साठवण अशी अट घातली. यात एक मेख आहे. डिसेंबर २०२३ मध्ये आलेल्या इंटेलच्या पहिल्या कोअर अल्ट्रा प्रोसेसरांतही एनपीयू होता, पण तो साधारण ११ टॉप्सचा. ते लॅपटॉपही ‘एआय’ म्हणूनच विकले गेले. म्हणजे ज्यांनी २०२४ च्या सुरुवातीला ‘पुढची सोय’ म्हणून तसा लॅपटॉप घेतला, त्यांचा एनपीयू काही महिन्यांतच नव्या वर्गाच्या बाहेर राहिला. कळफलकावर कोपायलटची, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या एआय सहायकाची, कळ असली म्हणून तर काहीच सिद्ध होत नाही. ती दाबली की एक प्रोग्राम उघडतो, एवढेच.

दुकानातच करून पाहता येईल अशी एक चाचणी सांगतो. एनपीयू असलेल्या लॅपटॉपवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबाव्यात, म्हणजे टास्क मॅनेजर उघडतो. त्यातल्या ‘परफॉर्मन्स’ या पानावर सीपीयू, मेमरी आणि डिस्क यांच्यासोबत एनपीयूचाही स्वतंत्र आलेख दिसतो. तो समोर ठेवून ब्राउझरमध्ये चॅटजीपीटी किंवा जेमिनी उघडावे आणि विक्रेत्याला हवा तेवढा लांब निबंध लिहून घेऊ द्यावा. मजकूर ओळीमागून ओळ येत राहतो आणि एनपीयूची रेघ तळाशी आडवी पडून राहते. याचे कारण साधे आहे. ते गणित आपल्या लॅपटॉपवर होतच नाही. प्रश्न इंटरनेटवरून कंपनीच्या डेटा सेंटरमध्ये जातो, उत्तर तिथल्या यंत्रांवर तयार होते आणि आपल्याकडे फक्त अक्षरे येतात. आपल्या २०१९ च्या लॅपटॉपवरही ते उत्तर जवळपास त्याच वेगाने येईल, आणि हातातल्या मोबाइलवरही. त्यानंतर कॅमेरा सुरू करून विंडोजच्या स्टुडिओ इफेक्ट्समधून पाठीमागची खोली धूसर करावी. आता मात्र रेघ वर उचलली जाते.

या एका चाचणीतून एनपीयूची आजची जागा कळते. व्हिडिओ कॉलमधली पार्श्वभूमी, नजर कॅमेऱ्याकडे असल्याचा भास, बोलण्याचे चालू इंग्रजी उपशीर्षक, पेंटमधली चित्रनिर्मिती, आणि संगणकावरच्या जुन्या गोष्टी वर्णनावरून शोधून देणे, अशी ही कामे आहेत. दिवसभर व्हिडिओ बैठका घेणाऱ्याची बॅटरी त्यामुळे वाचते, हा लाभ खराच आहे. आपल्या घरातल्या तिघांपैकी कोणाचेही काम मात्र यांत येत नाही.

‘दोन वर्षांत निरुपयोगी’ हे वाक्य मी पूर्वीही ऐकले आहे, फक्त चिपचे नाव वेगळे असे. ३८६ प्रोसेसरच्या काळात ८०३८७ नावाचा मॅथ कोप्रोसेसर, म्हणजे फक्त गणितासाठीची जोडचिप, मदरबोर्डवरच्या रिकाम्या सॉकेटमध्ये वेगळा बसवावा लागे. आराखडे काढण्यासाठी ऑटोकॅड वापरणाऱ्याचे त्यावाचून चालत नसे, आणि पत्रे टंकित करणाऱ्याला त्याचा काडीचा उपयोग नसे. १९८९ च्या ४८६ डीएक्समध्ये ती क्षमता प्रोसेसरच्या आतच आली आणि वेगळे पैसे देण्याचा प्रश्नच मिटला. एनपीयूही त्याच वाटेने चालला आहे. काही वर्षांत तो स्वस्त लॅपटॉपमध्येही आपोआप येईल, तेव्हा घ्यावा.

त्याहून बोलके उदाहरण पेंटियम थ्रीचे आहे. फेब्रुवारी १९९९ मध्ये तो बाजारात आला तेव्हा इंटेलने त्याची जाहिरात इंटरनेटचा अनुभव सुधारणारा प्रोसेसर अशी केली. त्यात नव्या सूचना होत्या आणि चित्र, ध्वनी, त्रिमिती यांची गणिते त्यांमुळे खरोखर जलद होत. पण त्या वेळी आपल्याकडे इंटरनेट म्हणजे टेलिफोनच्या तारेला जोडलेला मोडेम. त्याची कागदोपत्री कमाल गती ५६ केबीपीएस, प्रत्यक्षात त्याहूनही कमी. पान उघडायला वेळ लागे तो तारेमुळे, आणि ग्राहक नवा प्रोसेसर घरी नेऊनही मोडेमची किरकिर ऐकत तितकाच वेळ बसत. चिप खोटी नव्हती. अडचण दुसरीकडे होती. एनपीयूबद्दल माझे म्हणणे नेमके एवढेच आहे, आणि ती दुसरीकडची अडचण कोणती, ते पुढे आकड्यांनी दाखवतो.

वेगळे हार्डवेअर घेणे नेहमीच व्यर्थ असते, असे मात्र नाही. सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचे जिस्ट कार्ड जुन्या कार्यालयांतल्या मंडळींना आठवत असेल. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले ते काम १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकने पुढे नेले, आणि गंमत म्हणजे त्याच्या पूर्ण नावातही ‘इंटेलिजन्स’ होता: ग्राफिक्स अँड इंटेलिजन्स बेस्ड स्क्रिप्ट टेक्नॉलॉजी. डॉसवर देवनागरी दाखवण्याची सोयच नव्हती. हे कार्ड खाचेत बसवले की नेहमीच्याच प्रोग्रामांत मराठी-हिंदी अक्षरे उमटत. त्या दिवसांत ते घेणे शहाणपणाचे होते, कारण समोर पडलेले काम त्यावाचून अडत होते. पुढे विंडोज २००० मध्ये देवनागरी मूळ यंत्रणेतच आली आणि कार्डाची गरज संपली. कोणताही नवा भाग घ्यावा की नाही, याची माझी कसोटी त्या कार्डापासून ठरली आहे: आज हाती असलेले कोणते काम त्यावाचून अडले आहे?

सॉफ्टवेअरच्या बाजूनेही ‘बुद्धी’ विकण्याचे प्रयत्न जुनेच आहेत. सिमँटेक हे नाव आपल्याला अँटिव्हायरसमुळे माहीत; पण १९८५ मध्ये त्या कंपनीने आणलेल्या क्यू अँड ए या प्रोग्राममध्ये ‘इंटेलिजंट असिस्टंट’ होता, आणि साध्या इंग्रजीत प्रश्न टंकित केला की तो डेटाबेसमधून उत्तर काढून देई. जपानने १९८२ मध्ये पाचव्या पिढीच्या संगणकांचा दहा वर्षांचा सरकारी प्रकल्प हाती घेतला. तर्क करणारी, माणसाशी बोलणारी यंत्रे बनवण्याची ती घोषणा होती. त्याच काळात एआयसाठी खास बनवलेली, लिस्प या प्रोग्रामिंग भाषेसाठीची महागडी यंत्रेही विकली जात होती. दशक संपता संपता साध्या, स्वस्त संगणकांनी त्या खास यंत्रांचा बाजार उठवला. ऑफिस ९७ मधली डोळे फिरवणारी कागदाची क्लिप तर बहुतेकांना आठवतेच. ऑफिस एक्सपीमध्ये ती मुळातच बंद ठेवून देण्यात आली आणि ऑफिस २००७ मधून काढूनच टाकण्यात आली. याउलट नको असलेली ईमेल वेगळी काढणे, छापील पान वाचून त्याचा मजकूर करणे, चेहरा ओळखून फोन उघडणे, हे सारे याच शास्त्रातून आले आणि टिकले; आता त्याला कोणी एआय म्हणतसुद्धा नाही.

मागे फसले म्हणून आताही फसेल, असा निष्कर्ष मात्र मी काढणार नाही. ऐंशीच्या दशकातल्या एक्स्पर्ट सिस्टिमांना, म्हणजे तज्ज्ञासारखा सल्ला देणाऱ्या प्रोग्रामांना, प्रत्येक नियम माणसाने हाताने लिहून द्यावा लागे, आणि नियम हजारांच्या घरात गेले की ते सांभाळणे कठीण होई. आताची मॉडेल उदाहरणांवरून शिकतात. २०१२ मध्ये टोरांटो विद्यापीठातल्या तिघांनी चित्रे ओळखण्याच्या स्पर्धेत बाजी मारली, तेव्हा त्यांचे मॉडेल खेळांसाठी विकल्या जाणाऱ्या दोन साध्या ग्राफिक्स कार्डांवर शिकवलेले होते, आणि प्रत्येकावर ३ जीबी मेमरी होती. २०१७ मध्ये मॉडेलांची ट्रान्सफॉर्मर ही रचना आली आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी. हा बदल खरा आहे. चुकांचा प्रकारही बदलला आहे, आणि व्यवहारात तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. जुनी यंत्रणा नियम सापडला नाही की थांबे. नवी यंत्रणा थांबत नाही, ती तितक्याच सफाईने चुकीचे उत्तर देते.

आता ती दुसरीकडची अडचण. इंटरनेटशिवाय, घरच्या यंत्रावर भाषेचे मॉडेल चालवता येते का, असा प्रश्न चिरंजीव विचारतीलच. येते. मार्च २०२३ मध्ये लामा-सीपीपी हा मुक्त प्रोग्राम आला तेव्हापासून साध्या प्रोसेसरवरही ते शक्य आहे, आणि ओलामासारख्या साधनांनी ते सोपेही झाले आहे. समजा ८०० कोटी पॅरामीटरचे, म्हणजे शिकताना ठरलेल्या तितक्या आकड्यांचे, मॉडेल घेतले. ते दाबून प्रत्येक पॅरामीटर ४ बिटांत बसवले तर ते साधारण ५ जीबी जागा घेते. आता, उत्तराचा प्रत्येक तुकडा, म्हणजे टोकन, तयार करण्यासाठी हे सारे ५ जीबी मेमरीतून एकदा वाचावे लागतात. आपल्या लॅपटॉपमध्ये मेमरीची डीडीआर-४, २४०० वेगाची एकच काडी असेल तर मेमरी सेकंदाला फार तर १९.२ जीबी देते. म्हणजे सेकंदाला चारपेक्षा कमी टोकन. दोन काड्या जोडीने बसवल्या तर ३८.४ जीबी, म्हणजे सुमारे साडेसात टोकन. नव्या कोपायलट प्लस लॅपटॉपांतली मेमरी सेकंदाला १३५ जीबीच्या आसपास देते, म्हणजे सुमारे सत्तावीस टोकन. हे सारे कागदावरचे कमाल आकडे आहेत, प्रत्यक्षात थोडे कमीच मिळतात.

या हिशेबात टॉप्स कुठेही आले नाहीत, हे आपल्या लक्षात आले असेल. नवा लॅपटॉप इथे जलद चालतो तो त्याची मेमरी जलद आहे म्हणून. टाकी कितीही मोठी बांधली तरी पाणी नळाच्या तोंडाएवढेच येते. लांबलचक प्रश्न आधी वाचून घेण्याच्या टप्प्यावर एनपीयू मदत करू शकतो आणि वीजही वाचवतो, पण उत्तर लिहिण्याचा वेग मेमरीच ठरवते. आणि मुळात ८ जीबीच्या यंत्रात विंडोज, ब्राउझर आणि टॅली यांनी जागा घेतल्यावर ५ जीबीचे मॉडेल बसवायला जागाच उरत नाही, मग त्यात कितीही टॉप्स असोत.

मराठीसाठी हा हिशेब आणखी कडक होतो. ‘इंदूर’ हा शब्द युनिकोडमध्ये पाच चिन्हांचा आहे आणि प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, म्हणजे पंधरा बाइट. रोमन लिपीत तेच नाव सहा बाइटांत बसते. मॉडेल मजकुराचे तुकडे करते तेव्हा ज्या भाषेचा मजकूर शिकताना कमी आला, तिचे तुकडे जास्त बारीक होतात, आणि तेच उत्तर मराठीत लिहायला जास्त टोकन लागतात. सेकंदाला चार टोकनांचे यंत्र मराठीत अक्षरशः रांगते. यावर उपाय चिपमधून आला नाही. मे २०२४ मध्ये ओपनएआयने नवी तुकडेपद्धत आणली आणि मराठीला लागणारे टोकन साधारण एक तृतीयांशावर आले. आपल्या लॅपटॉपमध्ये एकही भाग न बदलता मराठी उत्तरे हलकी झाली.

स्मरणिकेच्या कामाबद्दल थोडे विस्ताराने सांगतो, कारण एआयचा खरा लाभ आपल्याला तिथेच होईल. आपल्याकडे जुन्या अंकांचा मजकूर दोन रूपांत असेल. एक, जुन्या फाँटांत टंकित केलेल्या फाइली. त्या फाइलींत प्रत्यक्षात देवनागरी नसतेच. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रे बसवलेली असतात. तो मजकूर चॅटबॉटमध्ये चिकटवला तर निरर्थक रोमन अक्षरे दिसतात, आणि यंत्र त्यांचा काहीतरी गोड अर्थ लावून देते. इथे एआयच्या वाटेला जाऊच नये. त्या त्या फाँटसाठी कन्व्हर्टर मिळतो, तो ठरलेल्या तक्त्याने अक्षरे बदलतो आणि त्यात कल्पनाशक्तीला वाव नसतो. दुसरे रूप म्हणजे छापील अंक. त्यासाठी टेसरॅक्ट हा मुक्त प्रोग्राम चांगला आहे. एचपीमध्ये १९८५ च्या सुमारास त्याचे काम सुरू झाले, २००५ मध्ये तो खुला झाला, आणि त्याच्या २०१८ च्या आवृत्तीपासून तो न्यूरल पद्धतीने वाचतो. तो आपल्या आहे त्याच लॅपटॉपवर चालेल. पाने ३०० डीपीआयला, सरळ ठेवून स्कॅन करावीत. जुन्या खिळ्यांच्या छपाईत ‘ऱ्य’ आणि अर्धी अक्षरे तुटलेली असतात, तिथे तो अडखळतो. मोठी ऑनलाइन मॉडेल तीच पाने अधिक सहज वाचतात, पण तुटलेल्या शब्दाच्या जागी संदर्भाला शोभेल असा दुसराच शब्द बसवून मोकळी होतात. टेसरॅक्टची चूक वाचताना खुपते आणि म्हणून सापडते, मोठ्या मॉडेलची चूक खुपतच नाही. देणगीदारांची आडनावे, रकमा आणि तारखा या तीन गोष्टी म्हणून मूळ पानाशी ताडून पाहाव्यात, त्याही शक्य तर दुसऱ्या माणसाकडून.

ज्येष्ठांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून त्यांचा मजकूर करायचा असेल, तर सप्टेंबर २०२२ मध्ये खुले झालेले व्हिस्पर हे मॉडेल घरच्या यंत्रावर चालते, सावकाश का होईना. भाषा आपोआप ओळखायला सांगू नये, मराठी अशी स्वतः निवडून द्यावी. नाहीतर आपले बोलणे ते हिंदी समजून लिहिते. त्याला तरी किती दोष द्यावा, आपल्या इंदुरी मराठीत हिंदी आधीच इतकी मिसळलेली असते!

यजमानांच्या टॅलीला यांतले काहीही लागत नाही. त्यांच्या बाबतीत मी एकच सांगेन. ग्राहकांची खातेवही, बँकेची विवरणे, पॅन आणि जीएसटीचे तपशील कोणत्याही फुकट चॅटबॉटमध्ये चिकटवू नयेत. नव्या कोपायलट प्लस यंत्रांवर ‘रिकॉल’ नावाची सोय आहे. ती पडद्याची चित्रे वरचेवर टिपून ठेवते, म्हणजे नंतर ती शोधता येतात. जून २०२४ मध्ये ती यायची होती. सुरक्षेबद्दल जोरदार टीका झाल्यावर मायक्रोसॉफ्टने ती पुढे ढकलली, आणि आता वापरणाऱ्याने स्वतः चालू केली तरच ती चालते. लोकांचे हिशेब ज्या पडद्यावर उघडतात, तिथे मी ती चालू करणार नाही. आणखी एक गोष्ट विक्रेते सहसा सांगत नाहीत. कोपायलट प्लस वर्गातली काही यंत्रे स्नॅपड्रॅगनच्या एआरएम प्रोसेसरवर, म्हणजे इंटेलपेक्षा वेगळ्या रचनेच्या प्रोसेसरवर, चालतात. नेहमीचे प्रोग्राम त्यांवर अनुकरणाने बहुतेक चालतात, पण हार्डवेअरचे ड्रायव्हर, म्हणजे जोडलेले उपकरण चालवणारे प्रोग्राम, तसे चालत नाहीत, ते एआरएमसाठीच बनवलेले लागतात. डिजिटल सहीचा यूएसबी टोकन, जुना प्रिंटर, बारकोडचे यंत्र, यांचे तसे ड्रायव्हर आहेत का हे तपासल्याशिवाय हिशेबाच्या टेबलावर एआरएमचा लॅपटॉप आणू नये.

चिरंजीवांचे उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे. पहिल्या वर्षी प्रोग्रामिंगचा पाया, गणित आणि डेटा स्ट्रक्चर्स असतात; त्याला कोणताही बरा लॅपटॉप पुरतो. पुढे त्यांनी मशीन लर्निंग हा विषय खरोखर घेतला, तर शिकण्यासाठी एनपीयूपेक्षा एनव्हिडियाचे ग्राफिक्स कार्ड उपयोगी पडते, कारण या क्षेत्रातली बहुतेक साधने त्यावर आधी आणि नीट चालतात. तोवर गूगल कोलॅबवर काही मर्यादेत तशी यंत्रे फुकट वापरता येतात. त्यांचा कल अजून ठरायचा आहे, म्हणून ग्राफिक्स कार्डाचा जड, बॅटरी खाणारा लॅपटॉप आजच गळ्यात घेऊ नये असे माझे मत आहे. वसतिगृहात राहायचे असेल आणि स्वतःचे यंत्र लागणारच असेल तर गोष्ट वेगळी.

आपला सध्याचा लॅपटॉप टाकाऊ नाही. तो रांगतो त्याचे कारण हार्ड डिस्क आहे; टास्क मॅनेजरमध्ये सुरुवातीची काही मिनिटे डिस्क १०० टक्क्यांवर अडकलेली दिसेल. ती काढून ५१२ जीबीची एसएसडी, म्हणजे फिरत्या भागांशिवायची जलद डिस्क, बसवली की तेच यंत्र मिनिटाच्या आत वापरायला मिळते. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, म्हणून त्याच वेळी विंडोज ११ घालून घ्यावी. मोजके अपवाद सोडता इंटेलची आठवी पिढी ही तिच्या यादीतली सर्वांत जुनी पिढी आहे, आणि आपला प्रोसेसर त्या कडेवर का होईना, बसतो. मेमरी ८ वरून १६ जीबी करताना शक्य असेल तर त्याच वेगाची दुसरी काडी रिकाम्या स्लॉटमध्ये बसवावी, म्हणजे वर सांगितलेला जोडीचा वेग मिळतो. भाव मात्र विचारून घ्यावा. २०२५ च्या अखेरीपासून मेमरी कमालीची महागली आहे आणि त्यालाही एआयच्या डेटा सेंटरांची मागणीच कारण आहे. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रूशियल हा घरगुती ग्राहकांसाठीचा आपला ब्रँड बंद करत असल्याचे जाहीर केले. आपल्या घरात एआयचा सर्वांत ठोस परिणाम आधी या बिलावर दिसेल.

चिरंजीवांसाठी नवा लॅपटॉप घ्यायचाच झाला, तर १६ जीबी मेमरी ही किमान मर्यादा धरावी आणि बजेटमध्ये बसत असेल तर ३२ पाहावी. त्या किमतीत एनपीयू सोबत आला तर येऊ द्यावा, त्यासाठी वेगळे पैसे देऊ नयेत. मात्र बारीक लॅपटॉपांत मेमरी बहुतेकदा बोर्डावर सोल्डर केलेली किंवा थेट प्रोसेसरच्या पॅकेजमध्ये बसवलेली असते, आणि ती नंतर वाढवता येत नाही. जे घ्याल तेच शेवटपर्यंत. म्हणून विक्रेत्याला टॉप्स किती ते विचारण्याआधी स्लॉट किती आणि त्यांतला रिकामा किती, हे विचारावे. त्याने ‘वाढवता येते’ असे नुसते तोंडी सांगितले तर मॉडेलचा पूर्ण क्रमांक लिहून घ्यावा आणि आगाऊ रक्कम देण्यापूर्वी कंपनीच्या संकेतस्थळावर मेमरीच्या रकान्यात काय लिहिले आहे, ते चिरंजीवांना वाचायला सांगावे.